डबा बोलतोय, पण लॅपटॉप ऐकत नाही!

आधीच कबूल करते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे मला आजही मनात मोजून बघावं लागतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच सांगायचा होता, कारण हा त्रास बहुतेक घरी आई-पप्पांना होतो आणि ते बिचारे दुकानात जाऊन पैसे घालवून येतात.

मुकुंदवाडीच्या आमच्या घरात टीव्हीच्या शोकेसवर एक काळा डबा आहे. त्याला म्हणतात नेटवर्क स्टोरेज. म्हणजे काय, तर राउटरला वायरने जोडलेली हार्ड डिस्क, जी घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडता येते. पप्पांनी तो २०१० साली घेतला. माझे बालवाडीपासूनचे फोटो त्यातच आहेत. पण खरी मोलाची वस्तू म्हणजे २०१२ मध्ये हँडीकॅमवर घेतलेला आजीचा व्हिडिओ. रझाकारांच्या वेळी आजी आठ वर्षांची होती. १९४८ मध्ये घरचे सगळे रात्रीतून गाव सोडून कसे निघाले, ते तिने त्यात चाळीस मिनिटं सांगितलंय. आजी गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं तेव्हा आत्या म्हणाली, "तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवू या." आणि नेमका डबा उघडेना!

आमचा जुना विंडोज ७ चा कॉम्प्युटर दिवाळीत जळाला होता. त्याच्यावर डबा मस्त चालायचा. माझा नवीन लॅपटॉप विंडोज ११ चा. त्यात डबा दिसतच नव्हता. पप्पा डबा घेऊन एका दुकानात गेले. दुकानदाराने डिस्क काढून स्वतःच्या मशीनला लावली. स्क्रीनवर आलं, 'डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा'. तो म्हणाला, "साहेब, डिस्क उडाली. रिकव्हरीचे आठ हजार होतील." पप्पा विचार करून सांगतो म्हणून परत आले, हे आमचं नशीब. कारण डिस्क अजिबात उडाली नव्हती. या डब्यांच्या आत बहुधा लिनक्स असतं आणि डिस्कही लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. ती विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅट करायला सांगतं. तिथे चुकून 'येस' दाबलं असतं तर आजीचा व्हिडिओ खरंच हातचा गेला असता.

डिस्क परत बसवून मी डबा चालू केला. लाइट लुकलुकायला लागले. राउटरच्या पेजवर डब्याचा आयपी पत्ता मिळाला, पिंग केलं तर चारही उत्तरं आली. म्हणजे वायर ठीक, डबा जिवंत. मात्र पिंगला उत्तर आलं म्हणजे फाइल मिळतीलच असं नाही हं! गेटवरचा वॉचमन भेटला म्हणजे साहेब भेटले असं थोडंच असतं? विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत डबा दिसत नाही म्हणूनही घाबरू नका. ती जुनी यादी जुन्याच पद्धतीवर चालायची. सरळ पत्त्याच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश देऊन आयपी टाइप करा. मी केलं आणि एक लांबलचक मेसेज आला: हा शेअर सुरक्षित नाही, त्याला एसएमबी १ हा जुना प्रोटोकॉल लागतो. आपण मेसेज वाचतच नाही, ओके दाबून मोकळे होतो. सगळं उत्तर तर तिथेच होतं.

एसएमबी ही फाइल मागायची आणि द्यायची भाषा. तिचं मूळ १९८० च्या दशकात आयबीएममध्ये आहे. दोन मशीन भेटल्या की आधी ठरवतात, तुला कुठली बोली येते? लॅपटॉप आपल्या बोलींची यादी पाठवतो, डबा त्यातली आपल्याला येणारी सर्वांत नवी निवडतो. एसएमबी २ व्हिस्टाबरोबर आली, एसएमबी ३ विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये. आमच्या डब्याला फक्त १ येते. लॅपटॉपच्या यादीत १ नाहीच, मग बोलणं तिथेच संपतं. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत असतात ना? कागद खरा, शिक्का खरा, पण तलाठ्याला वाचता येत नाही. तसंच हे.

फरक इतकाच की लॅपटॉपला ही भाषा मुद्दाम विसरायला लावलीय, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. एसएमबी १ मधलं एक भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिला. पुष्कळांनी तो टाकलाच नाही. १२ मे २०१७ ला वानाक्राय सुटला आणि दीडशेच्या वर देशांत कॉम्प्युटर कुलूपबंद झाले. जून अखेरीस नॉटपेट्या आला, त्यानेही पसरायला हेच भोक वापरलं. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्या गटाचं आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर खोळंबले. कुठे युक्रेन, कुठे उरण! त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विंडोज १० मधून एसएमबी १ टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात झाली. लिनक्सवरच्या सांबानेही २०१९ मध्ये ती मुळातच बंद ठेवली. मला हा निर्णय बरोबर वाटतो, डबा अडकला तरीही.

मग करायचं काय? पहिलं, ब्राउझरमध्ये डब्याचा आयपी टाकून त्याचं सेटिंगचं पेज उघडा. बऱ्याच डब्यांत एसएमबी २ चालू करायची सोय असते किंवा नवीन फर्मवेअर मिळतं. तसं असेल तर पुढचं काही करायचीच गरज नाही. काही डब्यांना २ येते, पण ते पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत घेतात आणि नव्या विंडोजला ते चालत नाही. तिथे डब्यातच एक यूजर आणि पासवर्ड तयार करा. लॅपटॉपचा पिन तिथे चालत नाही, यात मी अर्धा तास घालवला.

आमच्या डब्यात एसएमबी २ नव्हतंच. फर्मवेअरही कंपनीने कधीच थांबवलेलं. म्हणून मी हे केलं. राउटरची बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढली. लॅपटॉपच्या 'विंडोज फीचर्स'मध्ये 'एसएमबी १.०' खाली फक्त 'क्लायंट'वर टिक केली. 'सर्व्हर'वर नाही, ती करायची नाही! रीस्टार्ट केलं, पत्ता टाइप केला, आणि फोल्डर उघडले. आई स्वयंपाकघरातून पळत आली.

आता कॉपी. डबा शंभर मेगाबिटचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम १० एमबी. डेटा ३४० जीबी. गणित केलं तर साडेनऊ तास. बाहेरची एक टीबीची हार्ड डिस्क आणली होती, तीसुद्धा रिकव्हरीच्या आठ हजारांपेक्षा स्वस्त पडली. रात्री दहाला कॉपी लावली, लॅपटॉपचं स्लीप बंद केलं. पहाटे नळाला पाणी यायचं होतं. आई मोटर लावायला उठली तेव्हा ऐंशी टक्के झालं होतं. साडेसातला संपलं. मग 'क्लायंट'ची टिक काढली, पुन्हा रीस्टार्ट, आणि त्यानंतरच इंटरनेटची वायर लावली. पुष्कळ जण ती टिक तशीच ठेवतात. कृपया ठेवू नका.

दुसरी कॉपी आत्याबरोबर जालन्याला गेली. डबा अजून शोकेसवरच आहे, पण वायर काढून. पप्पा त्याला टाकू देत नाहीत.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर व्हिडिओ लावला. पहिली दोन मिनिटं आजी काही सांगतच नाही. ती पप्पांना म्हणते, "आधी तू जेवून घे, मग ते यंत्र धर माझ्यासमोर."