रस्ता कुणाला ठाऊक असतो?

अंध व्यक्ती कुत्र्याबरोबर चालताना पाहिली, की आपल्याला वाटते कुत्राच तिला घरी घेऊन चालला आहे. प्रत्यक्षात रस्ता ठाऊक असतो तो माणसाला. मग कुत्रा करतो काय?

अमेरिकेतील नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक सहाव्या वर्षी एका अपघातात एका डोळ्याने अधू झाला. सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना दुसराही डोळा गेला. मग बाहेर जायचे तर पगारी मुलाचा हात धरावा लागे. १९२७ साली त्याला डोरोथी युस्टिस यांचा एक लेख वाचून दाखवण्यात आला. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या जर्मन सैनिकांसाठी कुत्री कशी तयार केली जातात, याची माहिती त्यात होती. १९२८ मध्ये मॉरिस युस्टिसबाईंकडे स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' या जर्मन शेफर्ड कुत्रीबरोबर चालायला शिकला. १९२९ साली 'द सीइंग आय' ही संस्था अमेरिकेत सुरू झाली.

या जोडीत कामाची वाटणी असते. माणूस वळणे लक्षात ठेवतो, रहदारीचा आवाज ऐकतो आणि 'पुढे', 'डावीकडे' अशा आज्ञा देतो. कुत्रा खांब, खड्डे, डोक्याला लागेल अशी फांदी चुकवतो; पदपथाची कड आली की थांबतो. त्याच्या अंगावरील पट्ट्याला ताठ दांडा असतो. त्यातून कुत्र्याची प्रत्येक हालचाल माणसाच्या हाताला कळते.

कुत्र्याला लाल आणि हिरवा या रंगांतला फरक नीट कळत नाही. त्यामुळे सिग्नल पाहून रस्ता ओलांडणे त्याला जमत नाही. तो निर्णय माणसाचा. मात्र 'पुढे' म्हटले आणि गाडी अंगावर येत असेल, तर कुत्रा जागचा हलत नाही. आज्ञा केव्हा मोडायची, हेही त्याला शिकवलेले असते! अशा वेळी माणसाने त्याचे ऐकायचे असते. हा विश्वास एकत्र चालून चालूनच येतो.

म्हणजे कुत्रा मिळण्याआधी डोक्यात रस्त्याचा नकाशा हवा. तो लहानपणी, पांढरी काठी घेऊन स्वतः चालण्यातून तयार होतो. आपल्या वर्गातील अंध मुलाला आपण मायेने सगळीकडे हाताला धरून नेतो, तेव्हा नकाशा आपल्या डोक्यात राहतो, त्याच्या नाही.

एक प्रयोग करून पाहा. डोळे मिटून, जागेवर बसूनच, वर्गापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता मुलांना सांगायला लावा : पावले किती, वळणे कुठे, आवाज कोणते. सर्वांत अचूक उत्तर कदाचित त्या अंध मुलाचेच येईल. मात्र त्यासाठी त्याला तिथवर एकट्याने जाऊ दिलेले असायला हवे.