डॉक्टर नाही, मग काय?

‘नीट’चा निकाल लागला की आमच्याकडे जुन्या विद्यार्थ्यांची आणि पालकांची ये-जा वाढते. दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी तिच्या अब्बूंसोबत आली. दुसऱ्या प्रयत्नातही तिचे गुण कमी पडले होते. अब्बूंचे छोटे गॅरेज आहे.

“सर, अजून एक वर्ष क्लास लावतो. कर्ज काढू,” ते म्हणाले.

आम्ही मुलीला विचारले, “बेटा, तुला काय वाटतं?”

ती हळूच म्हणाली, “मला बीएस्सी नर्सिंग करायचंय सर. सीईटी दिली आहे.”

अब्बू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नर्सिंग? आपल्यात? रात्रपाळी, परके लोक... उद्या स्थळ कसं येणार?”

आम्हाला त्यांचा राग आला नाही. ही भीती अनेक घरांत आहे. आम्ही एवढेच विचारले, “मागच्या रमजानमध्ये तुमच्या अम्मी दवाखान्यात होत्या. रात्री त्यांना कुशीवर कोण वळवायचं?”

“एक सिस्टर होत्या. अम्मी अजून त्यांना दुआ देतात.”

“त्याही कोणाची तरी मुलगीच ना?”

रुग्णसेवा आपल्याला परकी नाही. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत उपचारासाठी ठेवले होते, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग आपलीच मुलगी तेच काम करू म्हणते, तेव्हा का अडखळतो?

नीटचा आणखी एक प्रयत्न करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. गुण दरवर्षी चढत असतील आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल, तर जरूर करावा. पण केवळ लोकांना सांगण्यासाठी तिसरे वर्ष घालवू नये. दवाखाना एकट्या डॉक्टरवर चालत नाही. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे आहे, जीएनएम तीन वर्षांचे. जीएनएमला मुलगेही जाऊ शकतात आणि विज्ञान शाखाच हवी असेही नाही. डी. फार्म दोन वर्षांचे, बी. फार्म चार वर्षांचे. शिवाय फिजिओथेरपी, लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर येथेही शिकलेली माणसे लागतात.

निवड करण्याआधी मुलांना एक दिवस दवाखान्यात नेऊन आणावे. रक्त, वास, कण्हणारी माणसे हे सारे पाहून तो किंवा ती काय म्हणते, ते ऐकावे.

आणि फसू नये. आमच्या एका विद्यार्थ्याने जाहिरात पाहून एक वर्षाचा ‘नर्सिंग कोर्स’ केला. घरच्यांनी त्यासाठी दागिने मोडले. नंतर कळले, त्या प्रमाणपत्रावर नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणीच होत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी विचारावे: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? शिकून झाल्यावर नोंदणी होईल का? फार्मसीसाठी हीच चौकशी फार्मसी कौन्सिलकडे करावी.

पैशांअभावी मुलींचे शिक्षण थांबवण्याआधी हेही पाहावे. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क राज्य सरकारने माफ केले आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा आणि दाखले तयार हवेत. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात, पण जात पडताळणीसाठी आपण निकालानंतर धावतो. ते काम अकरावीतच करावे.

त्या अब्बूंनी आमच्या सांगण्यावर लगेच होकार दिला नाही. ते स्वतः कॉलेजात गेले, हॉस्टेल पाहिले, रात्रपाळीला मुलींची ने-आण कशी होते ते विचारले. मुलीच्या बापाने हे विचारायलाच हवे. मग त्यांनी फॉर्मवर सही केली.

गेल्या ईदला ती भेटायला आली होती. पहिल्यांदा जखम धुताना चक्कर आली, असे हसत सांगत होती.

“सोडून द्यावंसं वाटलं नाही?”

“दोन दिवस वाटलं सर. मग त्या आजीच माझी वाट पाहायला लागल्या.”

अब्बूंची स्थळाची काळजी अजून पूर्ण गेलेली नाही. पण दादीची साखर वाढली की ते पहिला फोन तिलाच लावतात.