डॉक्टरांची उन्नत रेल्वे आणि न्यूयॉर्कचे भुयार

दाटीवाटीच्या वस्तीत राहून पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्या रुग्णाला डॉक्टर औषध देतात आणि ‘मोकळ्या हवेत राहा’ असेही सांगतात. पण पोट गर्दीतच भरत असेल, तर त्याने जायचे कुठे? दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या डॉ. रुफस गिल्बर्ट यांना हाच प्रश्न पडला. अमेरिकी यादवी युद्धात शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या या डॉक्टरांच्या मते, गरिबांच्या आजारांचे मूळ अंधाऱ्या, कोंदट घरांत होते. वेगवान गाडी मिळाली तर कामगार उजेड-वाऱ्यात राहून रोज कामाला येऊ शकेल, म्हणून त्यांनी रेल्वेचा आराखडा हाती घेतला.

रस्त्यावर कमानी उभारून त्यांवरच्या नळ्यांतून हवेच्या दाबाने डबे ढकलायचे, अशी त्यांची मूळ कल्पना होती. त्यासाठी पैसा उभा राहिला नाही. १८७८ मध्ये सहाव्या अॅव्हेन्यूवर लोखंडी खांबांवरून धावू लागली, ती वाफेच्या इंजिनाची गाडी. त्याच वर्षी कंपनीच्या नावातून गिल्बर्ट यांचे नावही गेले.

गाडीने माणसे दूरवर नेली, पण तिचे दुष्परिणाम खाली राहणाऱ्यांच्या वाट्याला आले. रस्त्यावर सावली पडली. इंजिनातून काजळी, निखारे आणि तेलाचे थेंब खाली पडत. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांसमोरून गाड्या धडधडत जात. तक्रारी इतक्या वाढल्या, की आवाजाचे कारण शोधण्यासाठी थॉमस एडिसन यांना पाचारण करावे लागले.

जानेवारी १८८८ मध्ये महापौर एब्राम हेविट यांनी भुयारी रेल्वेची योजना मांडली. त्यानंतर मार्चमधल्या हिमवादळात उन्नत गाड्या रुळांवरच अडकल्या. शहराची वाहतूक बर्फाच्या भरवशावर ठेवता येणार नाही, हे त्या दिवसाने सर्वांना पटवले.

मात्र भुयारात वाफेचे इंजिन म्हणजे धुराचा कोंडमारा. लंडनकर १८६३ पासून तो सोसत होते. त्यावर विजेचा उपाय निघाला. फ्रँक स्प्रेग यांनी शिकागोच्या उन्नत मार्गावर १८९७ च्या सुमारास प्रत्येक डब्याला मोटर देऊन सगळ्या मोटरी एकाच चालकाच्या हाती आणल्या. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्यांनी हीच पद्धत उचलली. १९०३ मध्ये पॅरिसच्या मेट्रोत आग लागून ८४ जणांचा जीव गेला. आगीच्या भीतीने न्यूयॉर्कच्या भुयारात पोलादी डबे आले. उन्नत मार्गाच्या खांबांना इतके वजन पेलले नसते.

२७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुमारे पंधरा किलोमीटरचा भुयारी मार्ग सुरू झाला. काजळी गेली, रस्त्यावर नवी सावली पडली नाही. पण पहिल्याच उन्हाळ्यात प्रवासी उकाड्याने हैराण झाले आणि ‘ही हवा विषारी तर नाही ना?’ असे विचारू लागले. तपासणीचे काम आरोग्य अभियंता जॉर्ज सोपर यांच्याकडे आले. पुढे ‘टायफॉइड मेरी’चा छडा लावणारे ते हेच. हवेत जंतू रस्त्यापेक्षा जास्त नव्हते. धुळीत मात्र ब्रेकच्या झिजेतून सुटलेले लोखंडाचे कण भरपूर सापडले. वायुवीजन सुधारण्यात आले. जगभरच्या भुयारी स्थानकांत या लोहधुळीचे मोजमाप आजही सुरू आहे.

गिल्बर्ट १८८५ मध्येच वारले. त्यांना हवे होते ते घडले, पण उशिरा. १९१० मध्ये मॅनहॅटनची लोकसंख्या तेवीस लाखांवर होती. पुढच्या दशकांत ती कमी होत गेली आणि कुटुंबे ब्राँक्स, क्वीन्सकडे सरकली. सहाव्या अॅव्हेन्यूवरचा उन्नत मार्ग १९३८-३९ मध्ये उतरवला गेला, तेव्हा साठ वर्षांनी त्या रस्त्यावर पुन्हा ऊन पडले. डॉक्टरांनी रोगाचे निदान बरोबर केले होते. शहराला सोसेल असे औषध सापडायला मात्र पाव शतकाहून अधिक काळ लागला.