साखर ४८०, तरी इन्सुलिन का थांबवले? आयसीयूतील रक्तशर्करा आणि क्षारांचा तोल

अठ्ठावन्न वर्षांचे मधुमेही गृहस्थ. पायाला जखम झाली, ती चिघळली, ताप आला, उलट्या सुरू झाल्या. 'जेवणच जात नाही, मग इन्सुलिन कशाला?' असे म्हणून घरी तीन दिवस इन्सुलिन बंद ठेवले गेले. चौथ्या दिवशी ते ग्लानीत, धापा टाकत आयसीयूत दाखल झाले. रक्तातील साखर ४८०, लघवीत कीटोन, पोटॅशियम २.९.

तासाभराने मुलगा डॉक्टरांना विचारतो, "साखर ४८० आहे असं तुम्हीच सांगितलंत. मग अजून इन्सुलिन का दिलं नाही? नुसतं सलाईन का चाललंय?"

हे उदाहरण प्रातिनिधिक आहे, पण असा प्रश्न आयसीयूच्या दाराशी अनेकदा ऐकू येतो आणि तो अगदी रास्त आहे. याचे उत्तर समजले, तर आयसीयूत साखर आणि क्षारांवर चालणारे बरेचसे उपचार समजतात. साखर, पोटॅशियम, सोडियम हे आकडे रिपोर्टवर वेगवेगळ्या ओळींत छापलेले असले, तरी शरीरात ते एकमेकांशी बांधलेले असतात. एक ओढला की दुसरा हलतो.

इन्सुलिन फक्त साखर हलवत नाही

शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात असतो तो अगदी छोटा हिस्सा, साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. पण हृदयाचे ठोके नियमित पडणे, स्नायूंनी काम करणे हे याच छोट्या हिश्श्यावर अवलंबून असते.

इन्सुलिन साखरेला पेशीत नेते आणि त्याच वेळी पोटॅशियमही पेशीत ढकलते. ज्याचे पोटॅशियम आधीच २.९ आहे त्याला इन्सुलिन सुरू केले, तर ते आणखी घसरेल. हृदयाची लय बिघडू शकते, श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. साखर ४८० असलेला रुग्ण पुढचे काही तास सांभाळता येतो; पोटॅशियम फार खाली गेलेल्या रुग्णाचे हृदय मात्र काही मिनिटांत दगा देऊ शकते.

म्हणून कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन साचून आम्ल वाढते त्या अवस्थेत, पोटॅशियम ३.३ ते ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम भरून काढतात आणि मगच इन्सुलिन सुरू करतात. दरम्यान चालू असलेले सलाईन 'नुसते' नसते. अशा रुग्णाच्या शरीरातून लघवी आणि उलट्यांवाटे कित्येक लिटर पाणी गेलेले असते. ते भरून निघू लागले की इन्सुलिनशिवायही साखर उतरू लागते.

आपल्या रुग्णाचेही तसेच झाले. चार तासांत साखर ३९० वर आली, पोटॅशियम ३.६ झाले आणि मग सिरिंज पंपावर इन्सुलिन सुरू झाले.

पोटॅशियम एकदम का देत नाहीत, असेही विचारले जाते. ते शिरेतून झपाट्याने गेले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून ते पातळ करून, पंपावर मोजून, सहसा तासाला १० ते २० मिलिइक्विव्हॅलंट या वेगाने आणि मॉनिटरवर नजर ठेवून दिले जाते. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिले तरी ते लघवीवाटे निघून जाते. त्यामुळे पोटॅशियमसाठी दाखल झालेल्या रुग्णाला मॅग्नेशियमही द्यावे लागते.

मधुमेह नाही, तरी इन्सुलिन आणि ग्लुकोज?

इन्सुलिनच्या याच गुणाचा उलटा उपयोगही होतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे पोटॅशियम ६.५ च्या वर गेले की ईसीजी बदलू लागतो. तेव्हा आधी कॅल्शियमचे इंजेक्शन देतात. ते पोटॅशियम कमी करत नाही; हृदयाला काही काळ संरक्षण देते. मग इन्सुलिन देऊन पोटॅशियम पेशीत ढकलतात आणि साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज देतात. पण पोटॅशियम पेशीत लपले, शरीराबाहेर गेले नाही. ते बाहेर काढायला औषधे किंवा डायलिसिस लागते.

कीटोॲसिडोसिसमध्येही ही जोडी दिसते. साखर २५० च्या आसपास आली की सलाईनमध्ये ग्लुकोज घालतात. नातेवाईक चक्रावतात, 'साखर वाढली म्हणून आणलं आणि आता साखरच चढवताय?' पण रक्तातील आम्ल अजून निवळलेले नसते. ते निवळायला इन्सुलिन चालू राहिले पाहिजे आणि ते चालू ठेवायचे तर साखर फार खाली जाऊ देता येत नाही.

'आमच्या आईला कधीच शुगर नव्हती'

न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, मोठी शस्त्रक्रिया, अपघात अशा संकटात शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन, ग्लुकॅगॉन ही हार्मोन मोठ्या प्रमाणात सोडते. यकृत साखर तयार करत राहते आणि इन्सुलिनचा परिणाम बोथट होतो. त्यात स्टेरॉइड, रक्तदाब टिकवणारी औषधे आणि नळीवाटे दिलेला आहार यांची भर पडते. म्हणून मधुमेह नसलेल्यांचीही साखर वाढते. याला तणावजन्य साखरवाढ म्हणतात.

मधुमेह आधीपासून होता की नाही याचा अंदाज एचबीए१सी तपासणीतून येतो, कारण ती मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. रक्त चढवले असेल किंवा पंडुरोग असेल तर तो आकडा फसवा ठरू शकतो. आजार ओसरला की अनेकांचे इन्सुलिन बंद होते. मात्र त्यांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो, म्हणून घरी गेल्यावर काही आठवड्यांनी तपासणी जरूर करावी.

१७० ला 'ठीक आहे' का म्हणतात?

घरी उपाशीपोटी १७० साखर चांगली नव्हे. मग आयसीयूत ती कशी चालते?

२००१ मध्ये बेल्जियममधील लूवेन येथील अभ्यासात, मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची साखर ८० ते ११० मध्ये काटेकोर ठेवल्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले. जगभरच्या आयसीयूंनी ती पद्धत उचलली. पुढे सहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या नाइस-शुगर अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले आणि चित्र बदलले. काटेकोर गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले. १८० पर्यंत साखर चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. साखर ४० किंवा त्याहून खाली जाण्याचे प्रमाण काटेकोर गटात ६.८ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ०.५ टक्के.

साखर उतरली की जागा माणूस घामाघूम होतो, हात थरथरतात, भूक लागते. तो सांगू तरी शकतो. व्हेंटिलेटरवर झोपेचे औषध चालू असलेला रुग्ण काहीच सांगू शकत नाही. मेंदूला इजा होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. म्हणून आज बहुतेक गंभीर रुग्णांमध्ये साखर १८० च्या वर टिकून राहिली तर इन्सुलिन सुरू करतात आणि ती १४० ते १८० मध्ये ठेवतात.

त्यासाठी सुरुवातीला दर तासाला साखर तपासतात. रक्तदाब फार कमी असेल किंवा हातपाय गार पडले असतील, तर बोटाच्या थेंबावरची तपासणी चुकू शकते. अशा वेळी धमनीतील किंवा शिरेतील रक्त घेतात. सीटी स्कॅनसाठी नळीचा आहार थांबवला तर इन्सुलिनचाही लगेच फेरविचार करावा लागतो. आहार बंद आणि इन्सुलिन चालू, ही साखर एकदम उतरण्याची नेहमीची वाट आहे.

सोडियम: इथे घाई महागात पडते

सोडियमचे सामान्य प्रमाण १३५ ते १४५ असते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या एखाद्या आजी दोन-चार दिवस असंबद्ध बोलू लागतात, तपासणीत सोडियम ११२ निघते. 'मीठ कमी आहे ना, मग भरून टाका,' असे घरच्यांना वाटणे साहजिक आहे.

पण सोडियम हळूहळू कमी होते तेव्हा मेंदूच्या पेशी त्या पातळीशी जुळवून घेतात. ते झटक्यात वाढवले, तर पेशींतले पाणी ओढले जाते आणि मेंदूतील चेतातंतूंवरील आवरणाला इजा होऊ शकते. त्याची लक्षणे काही दिवसांनी दिसतात: बोलता न येणे, गिळता न येणे, हातपाय लुळे पडणे. ही इजा कायमची ठरू शकते. म्हणून २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त वाढ होऊ देत नाहीत. दिवसाअखेर ११२ चे ११९ झाले, तर उपचार अपुरे पडले असे नव्हे. तोच हेतू होता.

याला अपवाद आहे. झटके येत असतील किंवा रुग्ण बेशुद्ध असेल, तर ३ टक्क्यांचे तीव्र सलाईन थोडे देऊन सोडियम पहिल्या काही तासांत ४ ते ६ ने वाढवतात आणि मग वेग आवरतात.

साखरेचा संबंध इथेही येतो. साखर खूप वाढली की पेशींतले पाणी रक्तात येते आणि सोडियम पातळ होऊन कमी दिसते. साखर १०० च्या वर दर १०० ने वाढली की सोडियम साधारण १.६ ने कमी दिसते. साखर ४८० असताना दिसलेले १२९ सोडियम हिशेबाने १३५ असते. त्यावर वेगळे उपचार लागत नाहीत.

उपाशी माणसाला अन्न हळूहळू

अनेक दिवस पोटात अन्न नसलेल्या, खंगलेल्या किंवा दीर्घकाळ दारू पिणाऱ्या रुग्णाला एकदम पूर्ण आहार सुरू केला, तर शरीरात इन्सुलिन वाढते आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींत जातात. रक्तातील फॉस्फरस फार उतरला की श्वासाचे स्नायू थकतात, हृदय दुबळे होते. म्हणून आहार थोडा सुरू करून हळूहळू वाढवतात, आधी थायमिन देतात आणि क्षार रोज तपासतात. 'एवढंसंच का देताय?' याचे उत्तर हे आहे.

वारंवार रक्त का काढतात?

औषधांचा वेग पुढच्या आकड्यावर ठरतो. कीटोॲसिडोसिसमध्ये क्षार दर दोन ते चार तासांनी तपासावे लागतात. कधी रिपोर्ट अनपेक्षित आला तर नमुना पुन्हा घेतात. नळीत रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच जास्त दिसते. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले तर आकडे भलतेच येतात. चुकीच्या आकड्यावर उपचार करण्यापेक्षा पुन्हा सुई टोचणे बरे.

नातेवाइकांनी काय करावे?

- रुग्णाची सर्व औषधे, रिकाम्या पाकिटांसह, घेऊन या. इन्सुलिन, लघवीची गोळी, स्टेरॉइड यांचा आवर्जून उल्लेख करा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर नक्की सांगा. त्यांच्यामुळे साखर फार न वाढताही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो.
- शेवटचे जेवण कधी, उलट्या-जुलाब किती दिवस, लघवी किती, दारूची सवय आहे का, हे न लपवता सांगा.
- शहाळे, फळांचा रस, सूप विचारल्याशिवाय देऊ नका. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते.
- डॉक्टरांना 'आकडा किती?' एवढेच न विचारता 'कालच्यापेक्षा कसा आहे आणि आज कुठपर्यंत आणायचा आहे?' असे विचारा.
- घरी आजारपणात जेवण कमी झाले म्हणून इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करू नका. आजारपणात साखर वाढते. साखर तपासा आणि डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांना फोन करून विचारा. उलट्या थांबत नसतील, धाप लागली असेल किंवा ग्लानी येत असेल तर थेट रुग्णालय गाठा.

आपल्या उदाहरणातील गृहस्थांची साखर दुसऱ्या दिवशी १६८ होती, पोटॅशियम ४.१, आणि रक्तातील आम्ल निवळले होते. मुलाच्या लक्षात राहायला हवी ती मात्र चार दिवसांपूर्वीची गोष्ट: इन्सुलिन बंद करण्याआधी एक फोन केला असता, तर कदाचित आयसीयूची पायरी चढावी लागली नसती.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाचे उपचार त्याच्या स्थितीनुसार उपचार करणारे डॉक्टरच ठरवतात.)