धुराचा माग

१० ऑगस्ट १८९३. जर्मनीतील आउग्सबुर्गच्या कारखान्यात रुडॉल्फ डिझेल यांनी आपल्या इंजिनात प्रथमच इंधन सोडले आणि स्फोट झाला. दाब नोंदवणारे उपकरण उडाले. माणसे थोडक्यात बचावली. पण हवा होता तो पुरावा त्या स्फोटातच हाती आला होता: दाबाने तापलेली हवा ठिणगीवाचून इंधन पेटवते! पुढच्या फेब्रुवारीत इंजिन जेमतेम मिनिटभर स्वतःच्या बळावर फिरले. १८९७ च्या चाचणीत त्याने २६.२ टक्के कार्यक्षमता गाठली.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालले, तेही इतके सुरळीत, की फारच थोड्यांच्या ध्यानी आले. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि वनस्पती तेलाचा दोष ठळक झाला. डिझेलच्या सुमारे दसपट दाट असलेले हे तेल नोझलमधून बारीक तुषारांत फुटेना. अर्धवट जळून ते कोळशाची पुटे चढवी, काळा धूर ओके.

ब्रुसेल्सच्या जी. शावान यांनी इंजिनाला नव्हे, तेलालाच हात घातला. पाम तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करताच जड ग्लिसरीन वेगळे झाले आणि पातळ इंधन उरले: आजचे बायोडिझेल. माझ्या मते या कथेतला खरा विजयाचा क्षण हाच. ३१ ऑगस्ट १९३७ रोजी त्यांना पेटंट मिळाले; पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स ते लूव्हां बस या इंधनावर धावली. मग महायुद्ध आले आणि शोध विस्मृतीत गेला. १९७० च्या दशकातील तेलटंचाईने तो पुन्हा वर काढला. भारतात ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी रेल्वेगाडी ५ टक्के बायोडिझेल मिसळलेल्या डिझेलवर धावली.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले. शुद्ध बायोडिझेलवर धुरातील कण ४७ टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड ४८ टक्क्यांनी घटला होता. इंधनातच ऑक्सिजन असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते. पण नायट्रोजनची ऑक्साइडे सुमारे १० टक्क्यांनी वाढली होती! इंधन किंचित उशिरा फवारले की ती घटत, पण मग काजळी डोके वर काढी.

या पेचातून वाट निघाली ती धुराच्या नळीत. गरम धुरात युरियाचे द्रावण फवारले, की उत्प्रेरकावर त्या ऑक्साइडांचे नायट्रोजन आणि पाणी होते. एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ ही वाहनांच्या धुराची मानके लागू झाल्यावर भिवंडीतील नारपोलीच्या गोदामांपुढे लागणाऱ्या अनेक नव्या ट्रकांना डिझेलच्या टाकीशेजारी युरियाची टाकी आली. आता २०३० पर्यंत देशभरच्या डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे.