धाकटी पाती – भाग ६ : वज्रेश्वरीचा नवस

गेल्या आठवड्यात विदुर आणि विकर्ण पाहिले. दोघेही शहाणे, दोघेही धाकटे, आणि भर सभेत दोघांचेही कोणी ऐकले नाही. महाकाव्यांना असा धाकटा फार आवडतो. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला फारामिर याच जातकुळीचा. थोरला बोरोमिर तलवारबहाद्दर आणि बापाचा लाडका. धाकटा विचारी, म्हणून बापाच्या लेखी उणा. ते घराणे राजाचे नव्हे, राजाच्या नावाने राज्य हाकणाऱ्या कारभाऱ्यांचे. साताऱ्यास छत्रपती आणि पुण्यास पेशवे पाहिलेल्या आपल्याला ही व्यवस्था नवी नाही.

या पेशव्यांच्या घरातला शहाणा धाकटा शोधायचा, तर भिवंडी तालुक्यात जावे लागते. भिवंडी म्हटले की आपल्याला यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांच्या रांगा आठवतात. पण याच तालुक्यात, तानसा नदीजवळ, गरम पाण्याच्या कुंडांच्या परिसरात वज्रेश्वरीचे देऊळ आहे. बावन्न पायऱ्या चढून वर जावे, तर तटबंदी पाहून क्षणभर किल्ल्यातच शिरल्यासारखे वाटते. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत पेशवे बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा यांनी या देवीला नवस बोलला आणि वसई पडल्यावर सुभेदार शंकर केशव फडके यांनी देऊळ बांधले, असे इथली परंपरा सांगते.

वसई घेणे हे बाजीरावी पद्धतीचे काम नव्हते. बाजीरावांचे युद्ध घोड्याच्या टापांवर चाले: अचानक यायचे, रसद तोडायची, शत्रूला दमवून शरण आणायचे. वसईचा कोट तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला. तिथे घोडा काय करणार? खाड्या अडवायच्या, आसपासची ठाणी एकेक करून घ्यायची, आणि मग जमिनीच्या बाजूने रेतीत मोर्चे पुढे सरकवत, सुरुंग खणत राहायचे. १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे हाती आले, तरी वसई पडायला १७३९ चा मे उजाडला. शेवटच्या हल्ल्यात एक सुरुंग उशिरा उडाला आणि आपलीच माणसे गेली. तरी अप्पा हटले नाहीत.

तोफेच्या तोंडी बांधून निदान माझे मस्तक तरी किल्ल्यात पडू द्या, असे ते म्हणाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. मला त्याहून तहाची कलमे महत्त्वाची वाटतात. पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिले; ज्यांना जायचे होते त्यांना चीजवस्तू नेण्याची मुभा दिली. हजारो माणसे गमावलेल्या फौजेला त्या दिवशी आवरणे सोपे नसणार. किल्लेदाराच्या घरच्या स्त्रीला सन्मानाने परत पाठवल्याची गोष्टही अप्पांच्या नावावर सांगतात. शेजारच्या कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट शिवाजी महाराजांविषयी सांगतात, तिच्याशी ही इतकी जुळते की मी ती बाजूला ठेवतो. तहाची कलमे पुरेशी बोलकी आहेत.

अप्पांचा विदुर झाला नाही, कारण थोरल्याने ऐकले. वडील बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारले तेव्हा बाजीराव विशीच्या उंबरठ्यावर, अप्पा तर अगदी कोवळे. पुढे थोरल्याने या भावावर माळव्याची स्वारी सोपवली आणि १७२८ मध्ये अमझेऱ्याला अप्पांनी मोगल सुभेदार गिरिधरबहादूराचा पाडाव केला. कोकणही त्यांच्यावरच सोडले. विदुराला धृतराष्ट्राने एक चौकी तरी दिली होती का?

मात्र बाजीरावांची दुसरी पत्नी मस्तानी हिच्या बाबतीत हा शहाणपणा आटला. थोरला मोहिमेवर असताना घरच्यांनी तिला अडकवून ठेवले, त्यात अप्पा होते. तिथे ते धाकटे भाऊ न राहता घराण्याच्या अब्रूचे चौकीदार झाले, आणि दोघा भावांना जोडणारा विश्वास तिथेच उसवला. तो सांधायला वेळही मिळाला नाही. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव रावेरखेडीला वारले. अप्पा आणि पुतण्या नानासाहेब तेव्हा कुलाब्याकडे होते. अनुभव अप्पांचा, फौजेत वजन अप्पांचे. पण पेशवाईची वस्त्रे एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांना मिळाली आणि काकांनी त्यावर हक्क सांगितला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेही गेले.

तेहेतीस वर्षांनी याच घरात पुन्हा एक काका आणि एक पुतण्या समोरासमोर आले. पुढच्या आठवड्यात राघोबादादा.