वणवा डोंगर चढताना इतका वेगात का पळतो? सॅटेलाइटला तो कसा दिसतो?

११ मार्च २०१८ ही तारीख ट्रेकिंग करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवी. त्या दिवशी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स वणव्यात सापडले आणि २० हून जास्त जणांचा जीव गेला. आगीतून पळून का सुटता येत नाही? चला, समजून घेऊया.

हवामानाचं काम

हवा कोरडी झाली की वाळलेलं गवत तासाभरात आणखी सुकतं आणि एका ठिणगीत पेट घेतं. जाड ओंडक्याला सुकायला कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच फेब्रुवारी ते मे या काळात सह्याद्रीतले गवताळ उतार जास्त धोक्याचे. वारा आगीला ऑक्सिजन पुरवतो, ज्वाळा पुढच्या गवतावर झुकवतो आणि निखारे उडवून लांब नवी आग लावतो.

चढ असेल तर?

आपण चढावर दमतो, आग मात्र वेग घेते. ज्वाळा वरच्या गवताच्या जवळ येतात, गरम हवाही वरच जाते. त्यामुळे वरचं गवत आग पोचण्याआधीच तापून तयार असतं. ढोबळ नियम असा: उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट. म्हणजे २० अंशांच्या चढावर सपाटीच्या चौपट! अरुंद नाळेत किंवा घळीत तर धुराड्यासारखा झोत तयार होतो. त्यात दिवसा वारा बहुतेक वेळा दरीतून वर वाहतो, म्हणजे आगीला मागून धक्काच.

मोबाईलवर काय दिसतं?

नासाच्या 'फर्म्स' या मोफत वेबसाइटवर जगभरातल्या आगी नकाशावर ठिपक्यांच्या रूपात दिसतात. सॅटेलाइटवरचे 'मोडिस' आणि 'व्हीआयआयआरएस' हे सेन्सर जमिनीची उष्णता टिपतात. मोडिसचा एक पिक्सेल साधारण १ किलोमीटरचा, व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटरचा. भारतीय वन सर्वेक्षण संस्थाही याच डेटावरून एसएमएस अलर्ट पाठवते.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. सॅटेलाइट दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो आणि ठिपका नकाशावर यायला काही तास लागू शकतात. तेवढ्यात आग अख्खा डोंगर चढून जाते. त्यामुळे नकाशा ट्रेकला निघण्याआधी बघायचा. 'ठिपका नाही म्हणजे आग नाही' असं समजू नका.

समोर धूर दिसला तर

- आग खाली असेल तर वर पळू नका. आडवं जाऊन तिच्या वाटेतून बाजूला व्हा.
- नाळ, घळ आणि उंच गवत टाळा.
- उघडा कातळ किंवा आधीच जळून थंड झालेली जागा गाठा.
- ११२ ला फोन करून लोकेशन सांगा.

आणि हो, विझलेली वाटणारी शेकोटी पाणी ओतून पूर्ण थंड केल्याशिवाय सोडू नका. पुढच्या ट्रेकआधी हा लेख तुमच्या ग्रुपवर नक्की शेअर करा!